मोहटोल्याचा सागवानी ओंडका

टेनिस खेळायला चांद्याच्या जंगलात गेलो होतो असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. तिनं मान डोलावली की मगच त्याचा विश्वास बसतो. चांदा म्हणजे वाघ, साग आणि ऊन, एवढंच आमच्या पुण्यात ठाऊक. तिथे डबल्सची स्पर्धा भरते, आणि तीही पगारी खेळाडूंची, हे जाईपर्यंत मलाही पटलं नव्हतं. आता जाऊन आलोय. माझ्या तळपायांना अजून शेणाचा वास येतो असं बायको म्हणते, तेव्हा तो जायच्या आत सगळं सांगून टाकतो.

मी क्लबात मार्कर आहे. मेंबरांशी खेळायला ठेवलेला पगारी माणूस म्हणजे मार्कर. सकाळी जाळं बांधायचं, रॅकेटची तात ओढायची आणि मेंबर आला की त्याच्याशी खेळायचं. खेळायचं म्हणजे हरायचं. पण मुद्दाम हरलो हे त्याला कळता कामा नये. चेंडू त्याच्या उजव्या हाताला, बरोबर कमरेच्या उंचीवर, गोडीगुलाबीनं नेऊन द्यायचा आणि त्यानं कसाही मारला तरी ‘वा साहेब’ म्हणायचं. गोरे साहेब गेले, त्यांच्या जागी वकील-डॉक्टर आले, ‘वा साहेब’ मात्र आहे तिथेच आहे. एवढं करून मोठ्या स्पर्धांना आम्हाला मज्जाव. खेळावर पोट भरणारा माणूस खेळाडू नसतो असा काहीतरी नियम आहे. तो मला कधी समजला नाही, पण राग दरवर्षी येतो.

ही विद्या मी शिकलो ती गफूरभाईंकडे. मूळचे वरोऱ्याचे, तीस वर्षं पुण्यात मार्कर, हाताने डावखुरे आणि स्वभावाने साखर. आमच्याकडे एक जज्जसाहेब होते. रॅकेट धरली की वाटायचं, पिठलं ढवळायला निघालेत. त्यांना गफूरभाईंनी इतकं बेमालूम जिंकवत ठेवलं, की निवृत्त होताना आपण वकिलीऐवजी टेनिसच करायला हवं होतं असं ते भाषणात म्हणाले. गफूरभाई मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आता नागोरावांविषयी. हे मोहटोल्याचे लाकूड-ठेकेदार. नागपूरला एका क्लबाच्या कुंपणाबाहेरून त्यांनी टेनिस पाहिलं. आत कोणी सोडलं नाही. तेव्हा त्यांनी शेजारच्या पानवाल्याला विचारलं, यात चांगला कोण खेळतो? पानवाला म्हणाला, “तो हरून राह्यला ना, तो.” नागोरावांनी तिथेच ठरवलं की स्पर्धा भरवायची ती हरणाऱ्यांची. गावी जाऊन त्यांनी कोर्ट बांधलं आणि ठिकठिकाणच्या क्लबांच्या मार्करांना बोलावणं धाडलं. दुसरं बक्षीस चांदीचा कप. पहिलं बक्षीस सागवानाचा एक अख्खा ओंडका. कप कोणीही देतो, साग कोण देतो, असं त्यांचं म्हणणं.

बोलावणं आलं तेव्हा मी खूप हसलो. गफूरभाई हसले नाहीत.

“सदू, आपण जाऊ,” ते म्हणाले. “मले एकदा जिंकाचं हाये. बाकी काई नाई.”

चांदा

त्यांना एकाएकी जिंकायचं का होतं ते चांद्याला उतरल्यावर कळलं. त्यांची मुलगी नसीमा तिथे दिलेली आहे. तिचे सासरे करीमसेठ विडीपत्त्याचे व्यापारी. किल्ल्याच्या भिंतीलगत त्यांचं घर. बाहेर चैत्राचं ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत होती. आत मात्र ओल्या वाळ्याचे पडदे होते. आम्हाला वडाभात वाढला. आमच्याकडे वडा चहाबरोबर खातात. इथे तो भातात कुस्करतात आणि वर लसणाच्या फोडणीचं कढत तेल ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला मी पुणं विसरलो.

करीमसेठ माणूस वाईट नाही, पण त्यांना चिडवायची हौस दांडगी. लग्नाच्या वेळी मुलीचे वडील खेळाडू आहेत असं त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून ते एकच प्रश्न विचारत आले आहेत. त्या दिवशीही बैठकीत चार माणसं बसलेली पाहून त्यांनी विषय काढलाच.

“आमचे समधी लय मोठे खिलाडी होय,” ते म्हणाले. “मोठ्या मोठ्या सायबांसंगं खेळून राह्यले. फक्त जिंकत नाईत. काऊन समधी, एखादवेळी तरी जिंकले का?”

मंडळी हसली. गफूरभाईही हसले. साहेबाचा विनोद झाला की ते जसं हसतात, तसंच हसले.  पडद्याआड नसीमाच्या बांगड्या वाजायच्या एकदम थांबल्या.

निघताना नसीमा दाराशी आली. “अब्बा, लहानपणी मी रोज विचारत होती, आज जिंकले का. तुमी म्हणत होते, उद्या,” ती म्हणाली. “क्लबात आमाले कोणी येऊ देल्लं नाई. इथी तं कोणाची मनाई नाई ना? मी पाहाले येऊन राह्यली. मामंजीले विचारलं.”

करीमसेठना मोहटोल्याला विडीपत्त्याचं काम होतंच. ते म्हणाले, आम्हीही येतो, पाहू तरी.



मोहटोला

नागोरावांच्या ट्रकनं वैनगंगेचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, ओलांडला आणि साग सुरू झाला. पानगळीनं सगळी झाडं उघडी झालेली. अख्ख्या जंगलात जणू खांबच पुरून ठेवले होते, छप्पर घालायचं राहून गेलं होतं. मधूनच एखादा पळस पेटलेला. आमच्याकडे झाड म्हटलं की सावली, इथे झाड म्हटलं की माप. नागोरावांनी प्रत्येक झाडाकडे बोट दाखवून त्यातून किती दारं निघतील ते सांगितलं.

कोर्ट पाहून मात्र मी गारच झालो. नागोरावांनी मापं चोख घेतली होती. जमीन गावातल्या बायांनी शेणानं सारवली होती, इतकी सुरेख की जेवायला पाट मांडावेत. रेषा चुन्याच्या, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर एकेक स्वस्तिक. जाळं ढिवरांकडून आणलेलं मासे धरायचं, त्यात एक वाळकी झिंगी, म्हणजे आपली कोळंबी, अडकलेली. कोर्टाच्या एका अंगाला मोहाचं जुनं झाड, त्याची निम्मी फांदी सर्व्हिसच्या रेषेवर. मी बूट घालून आत पाऊल टाकलं तोच झाडाखालून आवाज आला.

“पायतान काढा. सारवलं हाये.”

ही सोमीबाई. झाड तिच्या घरचं. इकडे मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं, आणि फूल कुणाच्याही जमिनीवर पडो, ते झाडवाल्याचं. म्हणजे नागोरावांच्या कोर्टावर पडलेला मोहही सोमीबाईचाच. ती तो वेचून टोपली भरेपर्यंत खेळ सुरू करायचा नाही आणि सारवणावर कोणी पायताण घालून चढायचं नाही, या दोन गोष्टी नागोरावांनी आधीच कबूल केल्या होत्या. “मी ठेकेदार होय,” ते म्हणाले, “पण बुढीच्या मोहावर पाय कोण देईन?” त्यामुळे झाडून सगळे मार्कर अनवाणी खेळले. पुण्यात बूट पांढरे नसले तर मेंबर हाकलतात.

किती जोड्या येतील असं नागोरावांना वाटलं होतं कोण जाणे, मांडव शंभर माणसांचा होता. आल्या चार. आमच्या पहिल्या सामन्यात समोर हैदराबादेकडची जोडी होती. त्यांच्यातल्या एकानं आदल्या संध्याकाळी मोहाची भाजलेली फुलं आवडीनं खाल्ली, वर मोहाचंच काहीतरी ढोसलं, आणि सकाळी तो उठलाच नाही. त्याचा जोडीदार तेलुगूत त्याला शिव्या देत होता आणि तो झोपेत गोड हसत होता. आम्हाला पुढे चाल मिळाली. मी खूश झालो.

“हे जिंकणं नोहे,” गफूरभाई म्हणाले. “समोर माणूस पाहिजे, सदू.”

फायनलला समोर माणूस आला, तो त्यांच्याच तोडीचा. नागपूरचे किसनाजी, पिकल्या मिशांचे, जन्म हरण्यात गेलेला. बरोबर त्यांचा पुतण्या महादेव. आदल्या दुपारी आम्ही चौघं एका पंगतीला बसलो होतो. दोन्ही म्हातारे आपापल्या मेंबरांच्या तऱ्हा सांगत होते. गफूरभाईंनी व्याह्यांची गोष्टही सांगितली, हसत हसत. किसनाजींनी ती न हसता ऐकली.

फायनल

पंच खुद्द नागोराव. शेजारच्या खुर्चीवर करीमसेठ, पानाचा डबा मांडीवर. पलीकडे बायकांच्यात नसीमा. सोमीबाईची टोपली भरली आणि खेळ सुरू झाला.

पहिलाच चेंडू किसनाजींनी माझ्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर दिला. मी तो महादेवच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर दिला. महादेवनं गफूरभाईंना दिला. गफूरभाईंनी किसनाजींना. आणि मग तो चेंडू थांबेचना. चौघांचंही मन म्हणत होतं मार, आणि चौघांचेही हात म्हणत होते, साहेब रागावतील. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग जांभया दिल्या, मग एकजण बैलांना पाणी दाखवून परत आला तरी तोच चेंडू चालू होता. शेवटी तो एका चुकार मोहाच्या फुलावर पडून मेला. पहिला गुण असा फुलानं मिळवला. दुसरा आणि तिसराही.

“गफूरभाई, मारा ना,” मी दातओठ खात म्हणालो.

“हात उठत नाई, बाबू,” ते म्हणाले. 

त्यातच मोजणीवरून भांडण लागलं. पंधरा झाले, तीस झाले आणि मी म्हणालो चाळीस. नागोराव खुर्चीतून उठले. “तीसच्या पुढी पंचेचाळीस येते. जनमभर लाकूड मोजून राह्यलो, मले गिनती शिकवता?” चारी मार्करांनी समजावलं, पण ते बधले नाहीत. पंधराच्या पाढ्यात चाळीस कुठे आहे ते दाखवा, म्हणाले. शेवटी पंचेचाळीस धरूनच खेळ पुढे चालू झाला.

ऊन चढलं आणि माझ्या डोळ्यांवर यायला लागलं. नागोरावांनी दया येऊन आपली सोला टोपी, गोरे साहेब घालायचे तसली, माझ्याकडे फेकली. मी ती घातली आणि सर्व्हिस केली. महादेवनं चेंडू सरळ बाहेर मारला आणि म्हणाला, “वा साहेब.”

 महादेवनं जीभ चावली. मी पुन्हा सर्व्हिस केली. किसनाजींनी चेंडू जाळ्यात घातला आणि त्यांच्या तोंडून निघालं, “वा साहेब, क्या बात है.”

मला उलगडा झाला. दोष त्यांचाही नव्हता. टोपी दिसली की हात आपोआप हरत होता. मग मी टोपी जरा तिरकी केली, पोट पुढे काढलं आणि ओरडलो, “ए गफूर, चेंडू आण.” गफूरभाई धावले. माझे उस्ताद, माझ्या वडिलांच्या वयाचे, वाकून चेंडू आणायला धावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सेट आम्ही जिंकला.

किसनाजींनी तक्रार केली, टोपी आम्हालाही पाहिजे. नागोरावांनी विचार करून निकाल दिला, की बाजू बदलतात तशी टोपीही बदलायची. दुसऱ्या सेटला टोपी महादेवच्या डोक्यावर गेली. मी मनाशी हसलो. मी काही जुन्या वळणाचा मार्कर नव्हे, मेंबरांना मनात शिव्या घालणारा माणूस. महादेवची सर्व्हिस आली. मी ती झाडावर मारली आणि माझ्याच तोंडचे शब्द माझ्या कानांवर पडले, “वा साहेब.” तो सेट आम्ही इतक्या झटपट हरलो की करीमसेठचं पान चघळून व्हायचं होतं.

“समधी, आज बी उद्याच का?” त्यांनी तिथूनच विचारलं.

तिसऱ्या सेटची टोपी कोणाची यासाठी नागोरावांनी पैसा उडवला. गफूरभाई जिंकले. त्यांनी टोपी उचलली, पदरानं पुसावी तशी सदऱ्यानं पुसली आणि सवयीनं माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला होता, खोटं कशाला बोलू. पण पलीकडे नसीमा उभी राहिली होती. मी टोपी घेतली आणि त्यांच्याच डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली.

“हे काऊन?” ते म्हणाले. “मले नाई जमत.”

“वा साहेब,” मी म्हणालो.

पहिला चेंडू आला. गफूरभाईंचा डावा हात उठला. तीस वर्षांचा साठलेला फटका त्यांनी हाणला आणि तो नेम धरून मोहाच्या झाडात गेला. फुलांचा सडाच पडला. सोमीबाई टोपली घेऊन कोर्टावर आली. आम्ही चौघं, पंच आणि मांडव थांबून राहिलो. ती एकेक फूल निवांत वेचत होती. जाताना ती गफूरभाईंना म्हणाली, “आणखी एक मार. वरती लय हाये.”

त्यानंतरचे चेंडू मात्र आत पडायला लागले. पण गंमत अशी, की समोरचे दोघे साहेबाला द्यायचा तसा चेंडू उजव्या हाताला देत होते. गफूरभाई डावखुरे. त्यांना प्रत्येक वेळी वळून, पळून, अनवाणी घसरत तो डाव्या हातावर घ्यावा लागत होता. गोडीनं दिलेला चेंडू त्यांनाच अवघड जात होता. तरी ते मारत होते. टोपी पट्ट्यानं गळ्यात लोंबत होती, दम लागला होता, आणि तोंडावर असं हसू होतं जे मी क्लबात कधी पाहिलं नव्हतं. मीही सगळं विसरून ओरडत होतो.

शेवटी नागोरावांच्या हिशेबानं पंचेचाळीस झाले आणि एकच गुण उरला. मी जाळ्यापाशी पाय घसरून पडलो. आमची अर्धी बाजू उघडी. चेंडू किसनाजींपुढे हलकेच उडाला होता, माझ्या बाजूला नुसता ढकलला असता तरी गुण त्यांचा. त्यांनी तो गफूरभाईंकडे मारला. गफूरभाईंनी दोन पावलं टाकली, फटका मारला आणि चेंडू दोघांच्या मधून सारवणाचा पोपडा उडवत गेला.

“साठ,” नागोराव म्हणाले. “झालं. ओंडका पुण्याचा.”

नसीमा धावत आली आणि मग सासऱ्यांच्या आठवणीनं निम्म्या वाटेत थांबली. करीमसेठनी पानाचा डबा उघडला, पहिलं पान स्वतः लावून गफूरभाईंना दिलं आणि एवढंच म्हणाले, “घ्या समधी.” किसनाजींना चांदीचा कप मिळाला. त्यांनी तो गमछ्यात गुंडाळला आणि नागपूरच्या वाटेला लागले.

नाका

ओंडका चढवायला दोन बैलजोड्या आणि अर्धं गाव लागलं. तो पुण्याला न्यायचा तर आगगाडी वेगळी करावी लागली असती, म्हणून नसीमाच्या अंगणात ठेवायचं ठरलं. करीमसेठ आणि नसीमा ट्रकच्या पुढच्या बाजूला, ड्रायव्हरशेजारी. आम्ही दोघं मागे ओंडक्यावर. नागोराव आपली टोपी मागायला विसरले होते, ती अजून गफूरभाईंच्या डोक्यावर होती.

गफूरभाई म्हणाले, “सदू, आखरीचा चेंडू त्यानं देल्ला.”

“सवय हो,” मी म्हणालो. “टोपी बघून दिला असेल.”

“सवयीचा चेंडू उजव्या हाताले येते. दिवसभर उजव्याच हाताले आला.” त्यांनी डावा तळवा उघडून पाहिला. “हा इथी आला. कमरेवर.”

 मला किसनाजींचा रागही आला आणि धावत जाऊन त्यांचे पाय धरावेसेही वाटले.

सूर्य कलताना जंगल खात्याचा नाका आला. शिपायानं आडव्या बांबूमागून पाहिलं. सोला टोपी दिसताच तो ताठ झाला. ट्रकमधल्या बाकीच्या लाकडाचा पास होता, ओंडक्याचा नव्हता.

“साहेब, माफ करा,” तो गफूरभाईंना म्हणाला, “पण हे लाकूड कसं आलं ते सांगा लागते. लिलावात घेतलं, का विकत, का तोडलं?”

“बक्षीस आहे,” मी म्हणालो.

“कोणी देल्लं?”

गफूरभाई ओंडक्यावरून खाली उतरले. “नागपूरच्या किसनाजीनं देल्लं,” ते म्हणाले.

“मंग दान लिहू का साहेब?”

पुढून नसीमाचा आवाज आला. “अब्बा, जिंकलं म्हणा न. मी पाह्यलं.”

करीमसेठही खिडकीतून डोकं काढून बघत होते.  गफूरभाईंनी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. उघड्या डोक्यानं, अनवाणी पायांनी ते शिपायापुढे जाऊन उभे राहिले.

“जिंकलं,” ते म्हणाले.

शिपायानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बांबू वर केला.